पक्षाघात झालेल्या वडिलांना उठवताना आणि खुर्चीत बसवताना धरायचे कुठे?

निशिगंध

नमस्कार. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला असून त्यांची उजवी बाजू अशक्त झाली आहे. रुग्णालयातून घरी आल्यापासून त्यांना पलंगावरून व्हीलचेअरवर, तिथून कमोडवर आणि पुन्हा पलंगावर नेण्याचे काम मी आणि आई मिळून करतो. त्यांच्या डाव्या हातापायात बऱ्यापैकी ताकद आहे आणि आधार दिला तर ते उभेही राहतात, परंतु उजवा गुडघा मध्येच दुमडतो आणि उजवा हात नुसता लोंबत राहतो. बोलणे अडखळते. सांगितलेले बहुतेक समजते, मात्र दोन-तीन सूचना एकदम दिल्या की त्यांचा गोंधळ उडतो.

सध्या आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना उभ्या राहून काखेत हात घालतो आणि त्यांना वर उचलतो. अलीकडे ते उजव्या खांद्याकडे बोट दाखवून दुखत असल्याचे सांगतात आणि आईच्या कमरेतही कळ येऊ लागली आहे. त्यांचे वजन आम्हा दोघींपेक्षा बरेच जास्त आहे. त्यांना इजा होणार नाही आणि आमचीही कंबर शाबूत राहील अशा रीतीने हे कसे करावे, हे कोणी नीट समजावून सांगू शकेल का? काखेत हात घालणे योग्य नसेल तर मग धरायचे कुठे, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पक्षाघातानंतरचे पुनर्वसन हेच माझे रोजचे काम आहे. आधी खांद्याविषयी लिहिते, कारण ते सर्वांत निकडीचे आहे. खांद्याच्या सांध्यात दंडाच्या हाडाचा गोल माथा एका उथळ खोबणीत बसलेला असतो आणि त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः भोवतालचे स्नायू करतात. पक्षाघाताने हे स्नायू सैल पडले की हाताच्या नुसत्या वजनानेही तो माथा खाली सरकू लागतो. अशा खांद्याला काखेतून वर रेटले किंवा हात धरून ओढले तर सांध्याभोवतीचे अस्तर आणि स्नायुबंध ताणले जातात, शिवाय काखेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब येतो. तेव्हा काखेत हात घालणे आजपासूनच थांबवावे आणि दुखरा खांदा डॉक्टरांना दाखवून घ्यावा.

धरायचे ते धडाला, म्हणजे कंबर आणि नितंबांच्या आसपास. त्यासाठी मुठी असलेला रुंद ट्रान्सफर बेल्ट मिळतो. तो कपड्यांवरून कमरेला बांधावा आणि आतून दोन बोटे जेमतेम जातील इतका घट्ट ठेवावा. पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल, पोटातून अन्नाची नळी घातलेली असेल किंवा बरगडी मोडलेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा पट्टा बांधू नये. पट्टा माणसाला उचलण्यासाठी नसतो. तोल गेला तर सावरता यावे आणि हालचालीला दिशा देता यावी, एवढेच त्याचे काम आहे.

मात्र कुठे धरायचे यापेक्षाही माणूस उभा कसा राहतो हे समजणे अधिक महत्त्वाचे आहे. खुर्चीतून उठताना आपण सरळ वर जात नाही. आधी पाय मागे घेतो, मग धड पुढे झुकवतो, त्याबरोबर शरीराचा भार बैठकीवरून तळपायांवर येतो, आणि त्यानंतरच गुडघे व कंबर सरळ होऊन आपण वर येतो. पाय पुढे पसरून आणि पाठ ताठ ठेवून खुर्चीतून उठण्याचा प्रयत्न एकदा स्वतः करून पाहा; धडधाकट माणसालाही ते जमत नाही. काखेतून वर ओढताना रुग्णाला आपण नेमके याच स्थितीत अडकवतो. त्याचे धड मागे राहते, पाय पुढे घसरतात आणि त्याच्या चांगल्या पायात ताकद असूनही तिचा उपयोग न होता सगळा भार मदत करणाऱ्यांच्या कमरेवर येतो. व्यावसायिक सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेतील ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने सामान उचलण्यासाठी आदर्श परिस्थितीतही २३ किलोची मर्यादा धरलेली आहे. रुग्ण हाताळताना तर ती सुमारे १६ किलोच धरावी, असे त्याच संस्थेतील संशोधकाने २००७ मध्ये मांडले, कारण माणूस मध्येच हलतो, कलतो आणि त्याला अंगाशी घट्ट धरताही येत नाही. यावरून तुमच्या आई रोज केवढा भार पेलत आहेत याचा अंदाज यावा.

आता कृतीकडे येते. व्हीलचेअर त्यांच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला, पलंगाशी साधारण ३० ते ४५ अंशांचा कोन करून लावा. दोन्ही ब्रेक लावा आणि खुर्ची हाताने हलवून ते लागल्याची खात्री करा. फूटरेस्ट बाजूला वळवा किंवा काढून ठेवा, कारण पाय अडकून पडण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. पलंगाकडच्या बाजूचा खुर्चीचा हात निघत असेल तर तोही काढावा. त्यांच्या पायात न घसरणारे, टाच बंद असलेले बूट असावेत. नुसते मोजे किंवा सैल चपला नकोत. पलंग इतका उंच असावा की काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील आणि कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहील. बैठक बुटकी असेल तर उठण्याची मेहनत फार वाढते, आणि गादी मऊ असेल तर तिचा काठ दबून तीच अडचण निर्माण होते.

त्यांना काठापर्यंत पुढे सरकू द्या: एक नितंब उचलून पुढे, मग दुसरा. दोन्ही पाय खांद्यांइतके फाकवून, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे येतील असे ठेवा. तुम्ही समोर, थोड्या त्यांच्या उजव्या अंगाला उभ्या राहा आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यासमोर आपला गुडघा आधारासारखा लावा, म्हणजे तो दुमडू लागला तरी पुढे निसटणार नाही. उजवा हात त्यांच्या मांडीवर असू द्या किंवा आपल्या अंगाजवळ आधार देऊन धरा. तो कधीही तुमच्या मानेभोवती घालू नका. डाव्या हाताने त्यांनी पलंगावर जोर द्यावा. आता त्यांना पुढे झुकायला सांगा. नाक पायाच्या बोटांच्या रेषेत आले की नितंब आपोआप हलके होतात आणि वर येण्याचा क्षण तोच असतो. तुम्ही गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, आपला भार पुढच्या पायावरून मागच्या पायावर नेत पट्ट्याने त्यांना स्वतःकडे, म्हणजे पुढे आणा. वर उचलण्याचा विचारही मनात आणू नका.

उभे राहिल्यावर थांबा. त्यांनी श्वास घ्यावा, तुम्हीही घ्यावा. मग छोटी छोटी पावले टाकत डावीकडे वळा. पाय जमिनीवर रोवलेला ठेवून नुसते अंग पिळले तर त्यांचा उजवा घोटा मुरगळू शकतो, आणि तुमच्या मणक्यालाही हा पीळ सोसत नाही. दोन्ही पोटऱ्यांना बैठक लागली की त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा हात धरावा, पुन्हा पुढे झुकावे आणि सावकाश बसावे. शेवटच्या वीतभर अंतरात धपकन बसवण्याची घाई बहुतेक ठिकाणी होते. वृद्धांच्या ठिसूळ मणक्यांना तो आदळ घातक ठरू शकतो.

परत पलंगावर नेताना खुर्ची दुसऱ्या बाजूने लावावी लागेल, कारण तेव्हाही पलंग त्यांच्या डावीकडेच हवा. चांगल्या बाजूकडे जाणे सोपे आणि सुरक्षित असते. अशक्त बाजूकडे जाण्याचा सरावही पुढे करायचा आहे, पण तो तुमच्या थेरपिस्टच्या देखरेखीखाली करावा. आईंना बाजूने जोर लावायला सांगू नका. त्यांनी खुर्चीच्या मागे उभे राहून ती स्थिर धरावी, एवढे पुरे. मी वडिलांना प्रत्यक्ष पाहिलेले नाही, म्हणून त्यांच्या थेरपिस्टला एकदा घरी बोलावून, तुमच्याच पलंगाशी आणि तुमच्याच खुर्चीसह हे करून घ्या, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

दीपमाळ

वरच्या प्रतिसादात कृती सविस्तर आली आहे. परिचारिका म्हणून मला उभे करण्याच्या आधीच्या काही मिनिटांविषयी लिहावेसे वाटते, कारण अनेक रुग्ण पाय कमजोर असल्याने नव्हे, तर रक्तदाब अचानक उतरल्याने कोसळतात. बराच काळ आडव्या राहिलेल्या माणसाला एकदम उभे केले की रक्त पायांकडे ओढले जाते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर त्याला उभे राहिल्याने होणारा न्यून रक्तदाब म्हणतात. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी आणि झोपेची औषधे चालू असतील तर ही शक्यता वाढते. म्हणून आधी त्यांना कुशीवर वळवा, गुडघे दुमडून पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी धड वर येऊ द्या. उजव्या कुशीवर वळत असतील तर दुखरा खांदा अंगाखाली दाबला जात नाही ना, हे पाहा. मग काठावर दोन-तीन मिनिटे बसू द्या आणि पावले वर-खाली हलवायला सांगा. अशक्त पावलाला तुम्ही हाताने हालचाल द्या. चक्कर येते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे विचारा. बोलून सांगता येत नसेल तर चेहरा फिका पडणे, घाम सुटणे आणि नजर हरवल्यासारखी होणे याकडे लक्ष द्या. असे काही दिसले तर त्यांना पुन्हा आडवे करा आणि उभे करण्याचा बेत त्या वेळेपुरता सोडून द्या.

लघवीची नळी असेल तर तिची पिशवी आधी मोकळी करून, ज्या बाजूला जायचे त्या बाजूला आणि मूत्राशयाच्या पातळीखालीच अडकवावी. पलंगाच्या कठड्याला अडकलेली पिशवी तशीच राहून माणूस मात्र खुर्चीत गेला, तर नळी खेचली जाऊन गंभीर इजा होते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. ताप आलेला असेल, रात्रभर झोप झाली नसेल किंवा नवीन औषध सुरू झाले असेल, तर काल उभा राहिलेला माणूस आज उभा राहू शकेल असे गृहीत धरू नका. काठावर बसवल्यावर त्यांना डावा गुडघा सरळ करून पाय उचलायला सांगा आणि आधाराशिवाय काही क्षण बसता येते का ते पाहा. हे जमत नसेल तर त्या दिवशी बेडपॅन वापरावे. त्यात कमीपणा काहीच नाही. हाताचा किंवा पायाचा अशक्तपणा अचानक वाढला, चेहरा वाकडा झाला किंवा बोलणे एकाएकी आणखी बिघडले, तर मात्र तो थकवा समजून थांबू नका. तातडीने रुग्णालयात न्या.

मुक्तछंद

मी स्वतः पक्षाघातातून गेलो आहे. माझी डावी बाजू गेली होती आणि बराच काळ दुसऱ्यांच्या हातांनी उठलो-बसलो आहे. ज्याला उठवले जाते त्याच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

पुढे झुका, असे सांगणे सोपे आहे. झुकणाऱ्याला मात्र समोरची जमीन अंगावर आल्यासारखी वाटते. अशक्त बाजूचा पाय जमिनीवर आहे की हवेत, हेच कळत नसते. त्या भीतीने माणूस आपोआप मागे रेलतो आणि मदत करणाऱ्यांना वाटते की तो सहकार्य करत नाही. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा की समोर एक भक्कम स्टूल ठेवावे आणि रुग्णाने चांगला हात त्यावरून पुढे सरकवत न्यावा. हात पुढे गेला की धड मागोमाग जाते आणि समोर काहीतरी आहे या जाणिवेने धीर येतो. वडिलांना एकदम उभे करण्याआधी नुसते असे पुढे जाऊन मागे येण्याचा सराव द्यावा. तो बसल्या बसल्या होतो.

दुसरे म्हणजे सूचना एकाच व्यक्तीने द्याव्यात. एकीकडून आई ‘उठा’ म्हणत आहेत आणि दुसरीकडून मुलगी ‘थांबा’ म्हणत आहे, अशा स्थितीत काय करायचे हे रुग्णाला कळत नाही. एका वेळी एकच लहान सूचना द्यावी, बरोबर हाताने खूण करावी आणि मग खरोखर थांबावे. मेंदूपर्यंत शब्द पोहोचून पाय हलायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात तीच सूचना पुन्हा मोठ्याने दिली की आधीची पुसली जाते. आकडे मोजून उठवणार असाल, तर तीन म्हणताक्षणी उठायचे की तीन म्हणून झाल्यावर, हे आधी ठरवून घ्या. ‘चला’ असा एकच ठरलेला शब्द मला अधिक सोयीचा वाटला. आणि अंगाला हात लावण्यापूर्वी सांगावे. मागून येऊन अचानक उचलले जाणे ही फार अपमानास्पद आणि घाबरवणारी गोष्ट आहे, विशेषतः ज्याला बोलून ‘नको’ म्हणता येत नाही त्याच्यासाठी.

निशिगंध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. समोर स्टूल ठेवून पुढे जाण्याचा सराव बाबांनी केला आणि त्यांना तो आवडलेला दिसला. थेरपिस्ट घरी यायला तयार आहेत. तोपर्यंत दोन शंका विचारते. मध्येच गुडघा दुमडून ते कोसळू लागले तर त्यांना उभे धरून ठेवण्याचा प्रयत्न करावा का? आणि आमच्या न्हाणीघरात कमोड अशा कोपऱ्यात आहे की व्हीलचेअर लावल्यावर तो त्यांच्या उजव्या बाजूलाच येतो. तिथे काय करावे?

पाऊलवाट

कोसळणाऱ्या माणसाला उभे धरून ठेवण्याचा प्रयत्न करू नये. त्यात दोघेही पडतात आणि मदत करणाऱ्याच्या पाठीला सर्वांत मोठ्या इजा याच क्षणी होतात. पलंग किंवा खुर्ची मागे असेल तर पट्ट्याने त्यांना तिकडे वळवून बसवा. तेवढा अवकाश नसेल तर त्यांना अंगाजवळ घ्या, एक पाय पुढे करून गुडघे वाकवा आणि तुमच्या मांडीवरून घसरत त्यांना सावकाश जमिनीवर बसू द्या. सगळे लक्ष त्यांचे डोके आपटू नये याकडे ठेवा. हे थेरपिस्टसमोर एकदा करून पाहावे, कारण प्रसंग आल्यावर आठवायला वेळ मिळत नाही.

दीपमाळ

जमिनीवर आल्यानंतर लगेच उचलण्याची घाई करू नका. आधी त्यांना तसेच राहू द्या आणि कुठे दुखते ते पाहा. जांघेत किंवा खुब्यात वेदना असेल, एक पाय आखूड झालेला किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, मान दुखत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर हलवू नका आणि रुग्णवाहिका बोलवा. पक्षाघातानंतर बहुतेकांना रक्त पातळ ठेवणारी औषधे असतात, म्हणून डोक्याला मार लागला असेल तर वरवर ठीक वाटत असले तरी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावीच.

इजा नसेल तर त्यांनी डाव्या कुशीवर वळून डाव्या कोपरावर जोर देत उठून बसावे, समोर ठेवलेल्या भक्कम खुर्चीवर डावा हात टेकून गुडघ्यांवर यावे, डावे पाऊल पुढे रोवावे आणि वर येताच मागून दुसरी खुर्ची सरकवावी. हे त्यांच्या ताकदीपलीकडचे असेल तर तुम्ही दोघींनी त्यांना जमिनीवरून उचलू नये. डोक्याखाली उशी द्या, अंगावर पांघरूण घाला आणि आणखी मदत येईपर्यंत शेजारी बसून राहा.

औदुंबर

न्हाणीघराचा प्रश्न आमच्याकडेही होता. माझ्या पत्नीला पार्किन्सन आहे आणि अरुंद जागेत वळताना तिची पावले जमिनीला खिळल्यासारखी होतात. आमच्या थेरपिस्टने सुचवलेला मार्ग असा की वळण्याची कृती न्हाणीघरात करायचीच नाही. मधोमध भोक असलेली चाकांची कमोड खुर्ची मिळते. पलंगाशेजारी, मोकळ्या जागेत आणि चांगल्या बाजूने तिच्यावर बसवायचे, आणि मग ती खुर्ची तशीच ढकलत नेऊन कमोडवर आणायची. घेण्यापूर्वी कमोडची उंची आणि दाराची रुंदी मोजून घ्यावी. वजन पेलण्याची मर्यादा खुर्चीवर लिहिलेली असते, तीही पाहावी.

कपडे खाली-वर करणे हे काम उभे असताना होते आणि तोल जाण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते. निशिगंधताई, तुम्ही समोरून गुडघ्याला आधार देऊन पट्टा धरलेला असावा, वडिलांचा डावा हात भक्कम आधारावर असावा आणि कपड्यांचे काम तेवढे आईंनी मागून करावे. नाडीऐवजी इलॅस्टिकचे कपडे असतील तर हा वेळ निम्म्याने कमी होतो. आधारासाठी भिंतीत पक्का बसवलेला दांडाच हवा. टॉवेल अडकवण्याची दांडी किंवा बेसिन माणसाचे वजन पेलण्यासाठी बसवलेले नसते. कमोड खुर्चीच्या छोट्या चाकांचे ब्रेक ओल्या फरशीवर लागलेले असूनही खुर्ची सरकते, म्हणून फरशी आधी पुसून कोरडी करावी आणि चारही ब्रेक लावून खुर्ची सर्व बाजूंनी जोराने ढकलून पाहावी.